आमची वाटचाल : आधी पंप, मग पत्ता

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमधल्या लोकांना घरून आणायचं आणि घरी सोडायचं, हा आमचा धंदा. सुरुवात डिझेल गाड्यांवर झाली. एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम, बीएस-६, लागू झाला आणि मारुतीने डिझेल इंजिनच बंद केलं. तेव्हा सगळी आयटी घरी बसली होती, आमच्या गाड्या शेडमध्ये. कंपन्या उघडल्यावर घेतल्या त्या सीएनजीच्या, सात सीटच्या एर्टिगा.

गॅसने पैसे वाचतात, पण वेळ खातो. गॅस भरताना गाडीत पॅसेंजर बसलेला चालत नाही, त्यामुळे पिकअपच्या वाटेवर पंपाला वळायची सोय नाही. रिकामी गाडी मिळते दोन शिफ्टच्या मध्ये, आणि नेमके तेव्हाच रिक्षा-कॅबवालेही लाइनीत. ज्या पंपाला पाइपलाइन नाही, तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ते सिलिंडर संपत आले की प्रेशर पडतं, टाकी अर्धीच भरते आणि ड्रायव्हरचा फोन येतो, "शेठ, आता काय करू?" म्हणून कुठली गाडी कोणाला आणायला जाणार, याचं आमचं रोस्टर आधी पंप बघून लागतं, मग पत्ते बघून. ड्रायव्हर कामावर घेताना लायसन्स-बॅजनंतरचा प्रश्न ठरलेला: तुमच्या घराजवळ पाइपलाइनचा पंप आहे का?

भावाचा झटकाही खाल्ला. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. एका कंपनीने लगेच दर कमी करायची मेल पाठवली. महिना संपायच्या आत गॅस आधीपेक्षा महाग झाला, तेव्हा मात्र मेल आली नाही. तेव्हापासून इंधनाचा भाव बदलला की दर बदलेल, हे कलम असल्याशिवाय आम्ही सही करत नाही.

आता थोड्या इलेक्ट्रिक सिडान आहेत. रांग नाही, आणि २०१८ पासून बॅटरीच्या गाडीला परमिटही लागत नाही. अडतं ते सीटवर. रात्री महिला कर्मचाऱ्यांसोबत गार्ड द्यावा लागतो. तो बसला की सिडानमध्ये तीन जागा उरतात, एर्टिगात पाच. म्हणून सिडान दिवसा पळतात, रात्री शेडमध्ये चार्ज होतात, आणि रात्रपाळी गॅसवरच. सात सीटच्या इलेक्ट्रिक गाड्या बाजारात आल्या आहेत, पण त्यांचा हप्ता निघेल असा दर आमच्या एकाही कंपनीने अजून मान्य केलेला नाही.