टिम केली अखेर शीटमध्ये बसला: मॅच्युअर-एज रूकीच्या पदार्पणाचा हिशेब

एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) फँटसीत, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या गुणांवर कागदी संघ चालवण्याच्या खेळात, कोणता नवखा विकत घ्यावा हे पदार्पणावरून सांगणारी आमची शीट मागच्या नोंदीत टिम केलीपाशी रुतली होती. ते गाडं हललं. २०१८ ची पहिली फेरी शीटवर चालवली की टिम केलीसमोर सारखं लाल ‘घेऊ नका’ उमटायचं. आता तिथे हिरवं येतं, आणि त्याच्या मागोमाग फुसके पदार्पणवीर आत शिरत नाहीत. दुसरी गोष्ट जमणं जास्त अवघड होतं.

परीक्षेसाठी केलीच का, हे नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. वय २३. डब्ल्यूएएफएलमध्ये (पश्चिम ऑस्ट्रेलियाची राज्य लीग) साउथ फ्रीमँटलकडून खेळताना २०१७ च्या सँडोव्हर मेडलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, दुसरा. आधीच्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) कोणी हात लावला नव्हता, शेवटी त्याच वर्षी जिलाँगने २४ व्या क्रमांकावर उचलला. पहिल्याच सामन्यात एमसीजीवर मेलबर्नविरुद्ध २७ डिस्पोझल (किक आणि हँडबॉल मिळून), आणि जिलाँग ३ गुणांनी जिंकलं. एएफएलमधली सरासरी नसलेल्या खेळाडूचा भाव ड्राफ्टच्या क्रमांकावरून ठरतो. म्हणून पहिल्या क्रमांकाचा १८ वर्षांचा पोरगा सुपरकोचमध्ये (दुसरा फँटसी खेळ, भाव त्यातल्या लुटुपुटीच्या डॉलरमध्ये) दोन लाखांच्या आसपास मिळतो, आणि तयार अंगाचा, टॅकलला न डगमगणारा २३-२४ वर्षांचा गडी, म्हणजेच मॅच्युअर-एज रूकी, त्याच्या निम्म्या-पाऊण भावात. बाजारातली ही फट दरवर्षी उघडी असते.

वर्षंही मुद्दाम निवडलीत. २०११ ते २०१५ सब (बदली खेळाडू) होता, २०२१ ते २०२५ तो पुन्हा होता. सब म्हणून पदार्पण केलेल्याचे २५ टक्के टीओजीमधले (मैदानावर घालवलेला वेळ) १८ गुण तीन सामन्यांच्या सरासरीत बसले की सगळी आकडेमोड बिघडते. २०२० मध्ये क्वार्टर लहान होते आणि एएफएल फँटसीने गुण १.२५ ने वाढवून दिले, म्हणून तेही बाजूला ठेवलं. तपासायला स्वच्छ उरतात २०१० आणि २०१६ ते २०१९.

डेंजरफील्डचा पेच

केलीच्या पहिल्या सामन्यात पॅट्रिक डेंजरफील्ड हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर होता. शीटमध्ये ‘उसने गुण’ हा रकाना आहे: जो मोठा खेळाडू त्या दिवशी संघाबाहेर आहे त्याची जागा नवख्याला मिळाली असेल, तर तो परतल्यावर ते गुण जाणार. कल्पना बरोबर आहे. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये असे चार-दोन जण येतात, ९० मारतात, आणि खरा मालक परतला की ४० वर येऊन आपटतात. या रकान्यामुळे ते टळतात. पण तोच रकाना केलीचाही बळी घेत होता, कारण डेंजरफील्डचा सगळा वाटा शीट सर्वांत नव्या खेळाडूच्या खात्यातून वळता करत होती.

प्रत्यक्षात काय झालं? डेंजरफील्ड दुसऱ्याच फेरीत आला. सेलवूड, अ‍ॅब्लेट आणि तो असे तिघे पहिल्यांदा एकत्र खेळले तो हाच ईस्टर मंडेचा सामना, हॉथॉर्नकडून एका गुणाने हरलेला. मिडफिल्डमध्ये डंकन आणि मेनेगोलाही रांगेत होतेच. एवढ्या गर्दीत केली टिकला, आणि हंगामभर टिकला.

मग मूळ गृहीतकच सोलून पाहिलं. सेंटर बाऊन्सला, म्हणजे मैदानाच्या मधून खेळ सुरू होताना, चौकोनात संघाचे चौघेच असतात, एक रक (चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू) आणि तीन मिडफिल्डर. म्हणजे मिडफिल्डर्सच्या सीबीएची (सेंटर बाऊन्सना हजेरीचा टक्का) बेरीज ३०० टक्के, कोणीही आलं-गेलं तरी तेवढीच. परतणाऱ्या ताऱ्याला ७० टक्के द्यायचे तर ते कुणाच्या तरी ताटातून काढावे लागतात, इथपर्यंत ठीक. गडबड पुढच्या पायरीवर होती: सीबीए निम्मा झाला की शीट गुणही निम्मे करत होती. पण एका सामन्यात सेंटर बाऊन्स होतात किती? प्रत्येक गोलनंतर एक आणि क्वार्टरच्या सुरुवातीचे चार, म्हणजे साधारण २५ ते ३०. निम्म्यांना हजर असलेला खेळाडू चौदाएक वेळा आत असतो, आणि त्यातून थेट त्याच्या हातात येणारे चेंडू बहुतेकदा दोन-तीनच. २७ डिस्पोझलपैकी बाकीचे येतात बॉल-अपमधून, थ्रो-इनमधून, विंगवरच्या साखळीतून, हाफ-फॉरवर्डवर मागे धावून घेतलेल्या मार्कमधून (झेललेली किक). ते तारा परतल्याने आपोआप पुसले जात नाहीत.

मात्र कपात शून्य करूनही चालत नाही. चौकोनातून हटलेला खेळाडू हाफ-फॉरवर्डला जातो आणि तिथे चेंडू कमीच येतो. सध्या सीबीएच्या घटीचा एक-तृतीयांश परिणाम गुणांवर धरतोय. उदाहरणार्थ, १०० चं पदार्पण, सीबीए ६० वरून ३० वर येणार असा अंदाज: जुनी शीट ५० म्हणायची, नवी ८३ म्हणते. एवढ्या एका बदलाने केली हिरवा झाला.

पण त्याच्याबरोबर नको ती मंडळीही हिरवी झाली, तेव्हा दुसरी चाळणी लावली. गोलनंतरच्या बाऊन्सला कोण आत आहे हे बरंचसं रोटेशनवर असतं, कोण बेंचवर आहे आणि कोण दमलाय यावर. क्वार्टरच्या सुरुवातीला मात्र कोचला हवे तेच तिघे उभे राहतात. म्हणून या चार बाऊन्सना दुप्पट वजन दिलंय. रिप्ले लावून प्रत्येक क्वार्टरचे पहिले दहा सेकंद पाहिले की काम झालं. ज्या नवख्याचा सीबीए टक्का मोठा दिसतो पण क्वार्टरच्या सुरुवातीला तो एकदाही आत नाही, त्याला शीट आता उसनवारीत टाकते.

गुण कुठून आले ते बघा

पदार्पणाचा एकूण आकडा फार फसवतो. एएफएल फँटसीच्या गुणांनी (किक ३, हँडबॉल २, मार्क ३, टॅकल ४, गोल ६, फ्री मिळाली १, फ्री दिली उणे ३) मांडणीपुरते दोन रूकी घेऊ. पहिला: ११ किक, ९ हँडबॉल, ६ मार्क, ५ टॅकल, १ गोल, १ फ्री मिळाली, २ दिल्या. एकूण ९०. दुसरा: ८ किक, ४ हँडबॉल, ५ मार्क, २ टॅकल, ५ गोल, २ फ्री मिळाल्या. एकूण ८७. गुणतक्त्यात दोघे शेजारी-शेजारी दिसतात. गोल काढून टाका: पहिला ८४, दुसरा ५७. पाच गोल पुढच्या आठवड्यात होतीलच असं नाही, पाच टॅकल बऱ्यापैकी होतात. जय न्यूकम मॅच्युअर-एज नव्हता, पण मिड-सीझन ड्राफ्टमधून आलेल्या या पोराने २०२१ मध्ये सिडनीविरुद्ध पदार्पणातच १४ टॅकल केले. नुसत्या टॅकलचे ५६ गुण! अशा आकड्याला आम्ही गोलांपेक्षा केव्हाही जास्त मान देतो.

टीओजीही सोबत बघा. ६८ टक्क्यांत ९० म्हणजे टक्क्यामागे १.३२. टीओजी ७८ झाला तर त्याच दराने १०३, पण दमछाकीसाठी त्यातून थोडं कापा. ८८ टक्के टीओजीमध्ये ९० मारलेल्याला वर जायला जागाच नाही.

भाव चढतो किती आणि थांबतो कधी

सुपरकोचचं गणित सगळ्यांना पाठ आहे, तरी एकदा पूर्ण मांडतो, कारण पदार्पणाच्या मोठ्या गुणाचं आयुष्य त्यात स्पष्ट दिसतं. तीन सामने झाल्यावर भाव हलतो. नवी किंमत म्हणजे जुनीचे ७५ टक्के अधिक मागच्या तीन सामन्यांची सरासरी गुणिले मॅजिक नंबरच्या २५ टक्के. मॅजिक नंबर (सरासरीतल्या एका गुणाची किंमत) हंगामागणिक थोडा बदलतो, इथे ५,४०० धरला. म्हणजे हा दुसरा भाग तीन गुणांची बेरीज गुणिले ४५०.

सुरुवातीचा भाव १,२०,०००, गुण १००, ७०, ६०. तिसऱ्या सामन्यानंतर ९०,००० + १,०३,५०० = १,९३,५००. ब्रेक-इव्हन (भाव जागच्या जागी राहायला लागणारे गुण) काढायला किमतीला १,८०० ने भागून शेवटचे दोन गुण वजा करा: १०७.५ वजा १३०, म्हणजे उणे २२. पुढे त्याने ५० मारले की २,२६,१२५, ब्रेक-इव्हन १६. ४५ मारले की २,३९,३४४, ब्रेक-इव्हन ३८. पुन्हा ४५, तर २,४२,५०८ आणि ब्रेक-इव्हन ४५. संपलं. पहिल्या दिवसाचे १०० गुण चौथ्या सामन्यानंतरच सरासरीतून गळाले. पाचव्या सामन्याला वाढ १३ हजारांवर आणि सहाव्याला ३ हजारांवर आली. पदार्पण कितीही गाजलेलं असो, विकण्याची वेळ पाचव्या सामन्यानंतर येऊन उभी राहते. खेळाडू ८०-९० च्या पातळीवर स्थिरावला, तरच त्याला धरून ठेवा.

बेत असा होता की दोन सामने पाहायचे आणि बबलवरच, म्हणजे भाव हलण्याच्या तोंडावर घ्यायचा. लिहिता लिहिता वाटतंय की मॅच्युअर-एजसाठी हा नियम सैल करावा. दोन सामने थांबल्याने ट्रेड (खेळाडू बदलण्याची मोजकी संधी) वाचतो, पण मैदानावरचे दोन मोठे गुण हातचे जातात. आणि क्वार्टरच्या सुरुवातीची चाळणी पहिल्याच सामन्यात निकाल देत असेल तर थांबायचं कशासाठी? पुढच्या चाचणीत दोन खाती चालवू: चाळणी पास झालेले लगेच घ्यायचे, बाकीचे बबलवर.

पहिल्या फेरीपूर्वीच उचलायचा असेल, तर बेंचवर ठेवून ई (इमर्जन्सी, म्हणजे राखीवाची खूण) लावा. त्याचा सामना गुरुवारी किंवा शुक्रवारी असेल तर लूपहोल होतो: गुण चांगले आले की त्याच ओळीत न खेळणारा खेळाडू मैदानावर आणायचा, मग त्याच्या जागी ईचे गुण धरले जातात. सुपरकोचमध्ये एका ओळीत दोन ई ठेवू नका, दोघांपैकी कमी गुणवाल्याचे गुण मोजले जातात.

पुणे-नाशिकहून खेळणाऱ्यांसाठी: शुक्रवारचा ७:४० चा सामना सुरुवातीला दुपारी २:१० ला लॉक होतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं मागे गेली की ३:१०. अंतिम संघ तासभर आधी येतो, तोवर ई हलवू नका.

बार्लो आणि पिकेट

मायकेल बार्लोवर (फ्रीमँटल, २०१०) नवी शीट नीट चालली. व्हीएफएलमधल्या (व्हिक्टोरियाची राज्य लीग) वेरिबीहून रूकी लिस्टवर, वय २२, रायझिंग स्टार या तरुण खेळाडूंच्या पुरस्काराच्या वयाच्या अटीतही न बसणारा; अ‍ॅडलेडविरुद्ध पहिल्याच सामन्यात तिशीच्या पुढे डिस्पोझल. तो पाचव्या सामन्यानंतर विकायच्या गटात कधी आलाच नाही, थेट प्रीमियमच (कायम धरून ठेवण्याजोगा महागडा खेळाडू) झाला. मग चौदाव्या फेरीत पोर्ट अ‍ॅडलेडविरुद्ध स्वतःच्याच सहकाऱ्याशी टक्कर होऊन पाय मोडला. खेळाडू मैदानाबाहेर असताना भाव गोठतो, पडत नाही. म्हणून लांबची दुखापत झालेली गाय (भाव चढल्यावर विकायचा स्वस्त खेळाडू) पूर्ण भावातच विकली जाते, अट एवढीच की ट्रेड शिल्लक हवा. शीटमध्ये ‘राखीव ट्रेड’ नावाचा रकाना बार्लोमुळेच आला.

मार्लियन पिकेट मात्र चाचणीतून काढला. २७ व्या वर्षी २०१९ च्या ग्रँड फायनलमध्ये जीडब्ल्यूएसविरुद्ध पदार्पण, २२ डिस्पोझल, एक गोल. असं पदार्पण क्वचित बघायला मिळतं, पण त्या वर्षीचा फँटसीचा हंगाम २३ व्या फेरीलाच संपला होता.

साधनांबद्दल दोन शब्द. ब्रेक-इव्हनसाठी फूटीवायर पुरेसं आहे, सीबीए आणि किक-इनसाठी (विरोधकांचा गोल थोडक्यात हुकल्यावर बचावातून मारायची किक) डीएफएस ऑस्ट्रेलियाचे तक्ते सर्वांत सुटसुटीत. शीटमध्ये आपोआप आकडे ओढणारी अ‍ॅड-ऑन वापरू नका. दोन खेळाडूंचं आडनाव सारखं असलं की त्या गुण भलत्याच ओळीत टाकतात. रविवारी रात्री हाताने भरायला वेळ लागतो, पण भरताना किक-हँडबॉलचं प्रमाण आपसूक नजरेखालून जातं.

आता राहिलेत बचावपटू. टॉम स्ट्युअर्ट, जिलाँगचाच, २०१७ मध्ये २४ व्या वर्षी आलेला. मागच्या फळीला सीबीए नसतो, मग उसनवारी कशावरून ओळखायची? सध्या किक-इन कोण घेतं आणि प्लस-सिक्सच्या जोड्या (मार्क आणि लगेच किक, ३ अधिक ३) किती, हे दोन रकाने जोडलेत. एखाद्या अनुभवी बचावपटूच्या गैरहजेरीत नवख्याला मिळालेल्या किक-इन वेगळ्या काढून बघतोय. २०१७ च्या पहिल्या चार फेऱ्या भरून झाल्या की आकडे इथेच टाकतो.