तुम्ही विचारलंत म्हणून: चामडं सोडून पाइपाचं म्यान कशाला?

रोपवाटिकेत कोणी आलं आणि कलमं बांधणाऱ्या आमच्या बायकांच्या कमरेला चाकूचं ते राखाडी म्यान दिसलं की प्रश्न ठरलेला, हे प्लास्टिकचं कशाला, चामड्याचं चांगलं नसतं का, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, हे घरी जमतं का. इतक्यांनी विचारलंय की एकदा नीट बसून सांगतोच.

आमचं मुख्य काम कोय कलमाचं. आंब्याची कोय रुजते, रोप अजून कोवळं आणि तांबूस असतं तेव्हाच ते कापून मधे चीर द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे ही पद्धत कोकणात घरोघरी पोचली. पण हे सगळं चालतं ऐन पावसात, जून ते ऑगस्ट, आणि पाचरीचा काप एका ओढीत गुळगुळीत आला पाहिजे. पातं जरा बोथट असलं की काप खरबरीत येतो, काडी आणि रोप एकमेकांना नीट चिकटत नाहीत, मधे पाणी शिरतं आणि आठ-दहा दिवसांत काडी काळी पडते. म्हणजे चाकूची धार हीच आमची मजुरी आहे, आणि धार सांभाळतं ते म्यान.

चामड्याचं म्यान मी बरीच वर्षं वापरलं आणि चामड्याबद्दल मला आदर आहे. पण कोकणातल्या पावसात ते चार दिवसांत फुगतं, आठव्या दिवशी बुरशी धरतं, आणि कमावताना त्यात राहिलेले क्षार ओलीमुळे पात्याला लागतात, सकाळी चाकू काढावा तर धारेवर तांबडे ठिपके. त्यात एका जुलैत आमच्या एका गड्याने मेरेवर बसकण मारली, ओलं चामडं मऊ पडलेलं, चाकूचं टोक शिवणीतून बाहेर आलं आणि मांडीत गेलं. पाच टाके पडले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते म्यान मीच आणून दिलं होतं. दुसरं काहीतरी शोधायचं हे तेव्हाच ठरवलं.

बाहेरच्या देशांत चाकूवाले यासाठी कायडेक्स नावाचा पत्रा वापरतात. अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसीचं मिश्रण, 1965 साली अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीने विमानाच्या आतल्या भागांसाठी काढलेलं. म्यानाला साधारण 2 मिलीमीटरचा पत्रा घेतात, 160 ते 175 अंशांपर्यंत तापवला की तो मऊ होतो आणि थंड झाला की दिलेला आकार धरून बसतो. माल उत्तमच आहे, पण इथे मागवायचा तर एका म्यानाच्या पैशात पाच चाकू येतील. आणि आमच्या पडवीत ठिबकच्या कामातून उरलेले पाइपाचे तुकडे पडलेले होते. शेतीचा राखाडी पाइप म्हणजे पीव्हीसीच की! कायडेक्सइतका चिवट नाही, उन्हात वर्षानुवर्षं राहिला तर ठिसूळ होतो, पण कमरेच्या चाकूला पुरून उरतो.

चार इंची पाइपाचा वीतभर तुकडा घ्या, भिंत दोन-अडीच मिलीमीटरची बघून. जाड घेतलात तर चाकूचा आकार त्यात उमटत नाही. हॅक्सॉने उभा चिरा, हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, सगळीकडून फिरवून फिरवून तापवा आणि दोन शहाबादी फरशांमधे दाबून सपाट करा, वर जांभ्याचा चिरा ठेवला की झालं. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास ढिलं व्हायला लागतं, पण घडवायला त्याच्या बरंच वर न्यावं लागतं, 110-120 पर्यंत. थर्मामीटर नसला तरी हाताला कळतं, सांडशीने एका टोकाला उचलला की पत्रा ओल्या फडक्यासारखा लोंबला पाहिजे. कडक राहिला तर अजून तापवा, चकाकी जाऊन तपकिरी डाग दिसला तर तो तुकडा टाकून द्या.

आणि हे काम उघड्यावर करा, खळ्यात, वाऱ्याकडे पाठ करून. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, नाकाला आणि घशाला झोंबतो. मी पहिला तुकडा घरातल्या ओव्हनमधे तापवला होता, कडेला करपला, आणि माजघरात बसलेल्या आईला अर्धा तास खोकला थांबेना. जेवणाच्या ओव्हनमधे हे कधीही करू नका, मी पुन्हा केलं नाही.

आता चाकू. पात्याला मास्किंग टेपचे दोन थर द्यायचे, धारेच्या बाजूला एक थर जास्त, म्हणजे टेप काढल्यावर आत केसभर जागा राहते आणि धार प्लास्टिकला घासत नाही. हीट गनची हवा 500 अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणून पत्रा आधी वेगळा तापवायचा आणि मग चाकूवर आणायचा, चाकू आत ठेवून वरून गन मारायची नाही, पातळ धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा, तेवढ्याने उतरतं. दोन फळ्यांना आतून जुन्या योगा मॅटचे तुकडे चिकटवलेत, तो माझा प्रेस. तापलेला पत्रा पात्याच्या पाठीवरून दुमडायचा, चाकूसकट फळ्यांमधे घालायचा आणि चार क्लॅम्प आवळायचे. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत व्हावं लागतं म्हणून क्लॅम्प आधीच उघडून हाताशी ठेवा, चामड्याचे हातमोजे घाला.

मग दहा-बारा मिनिटं हात लावायचा नाही, आणि बहुतेक जणांचं बिघडतं ते इथेच. बघू तरी कसं झालंय म्हणून तीन मिनिटांत उघडतात, बाहेरून गार लागतं पण आत गरम असतं, पत्रा हळूच फुलतो आणि पकड गेली.

लोकांना वाटतं म्यान पात्याला घट्ट धरतं. तसं नाही, पात्यावर ते सैलच हवं, नाहीतर प्रत्येक वेळी धार घासणार. पकड असते मानेशी, जिथे पातं संपून मूठ सुरू होते. तिथे मुठीची कड किंवा पितळी कडं थोडं वर आलेलं असतं, आणि प्रेसमधून काढल्यावर तेवढीच बोटभर जागा परत गरम करून अंगठ्याने त्या कडेभोवती दाबून बसवायची. बरोबर बसलं की चाकू आत जाताना टक असा आवाज येतो. तो आवाज आला की मला अजूनही बरं वाटतं. मग म्यान उलटं करून वाळूच्या ढिगावर जोरात झटकून बघायचं, चाकू पडला तर परत गरम, काढताना दोन हात लागले तर तेही परत गरम. शिवलेलं चामडं चुकलं की चुकलं, इथे दहा वेळा दुरुस्ती होते, घरी शिकायला म्हणूनच हे सोपं.

मोकळ्या कडेला धारेपासून निदान 5-6 मिलीमीटर सोडून भोकं पाडायची आणि ताडपत्रीवाल्याकडून पितळी आयलेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या कड्या, मारून घ्यायचे, तो दोन मिनिटांत मारून देतो. खाली टोकाशी एक छोटं भोक हवंच, पाणी निथळायला. ते नसेल तर पावसात म्यानाची पन्हाळ होते, वर माती साचते, आणि ओली वाळू धारेची वाट लावते. संध्याकाळी म्यान पाण्याखाली धरून झटका, हे चामड्याला कधी करता आलं नसतं.

कोयतीचं विचारतात, तिचं असं म्यान होत नाही. वाकडं पातं सरळ भोकात जाणार कसं, आणि आमच्याकडे कोयती आकडीलाच लटकते, कमरेला मागे, त्यात मला बदल करायचाही नाही. फक्त गाडीतून नेताना धारेवर बाजूने बसेल अशी दुमडलेली पट्टी करतो आणि सायकलच्या ट्यूबचं रबर लावतो. आणि बंद गाडीत उन्हाच्या काचेखाली यातलं काहीच ठेवू नका, तिथे पीव्हीसी ढिलं पडतं.

आमच्याकडे एक मावशी आहेत, डावखुऱ्या, हाताला इतक्या जलद की त्यांच्याबरोबर बांधायला बसलेली माणसं मागे पडतात. त्या आयुष्यभर उजव्या बाजूचं म्यान लावून हात आडवा नेऊन चाकू काढत होत्या आणि कधी बोलल्या नाहीत. मीच एक दिवस बघितलं. त्यांना डावीकडचं करून दिलं तर दोनदा चाकू घातला, काढला, आणि म्हणाल्या, "एवढं सोपं होतं होय रे?" मला फार लागलं ते, इतकी वर्षं दिसलं कसं नाही म्हणून.

या मे महिन्यात त्यांनी नवा चाकू घेतला, मूठ जाड, जुन्या म्यानात बसेना. नवा पाइप कापायला निघालो तर नको म्हणाल्या, हेच कर. आयलेट काढले, म्यान गनखाली धरलं. पहिल्यांदा चाकूचा ठसा विरघळल्यासारखा गेला, मग घडी उघडली, आणि तापत राहिलं तसा तो पत्रा दोन्ही कडांनी हळूहळू वर वळायला लागला, पाइपासारखा गोल व्हायला. मावशी वाकून बघत होत्या. मी तो गोल व्हायच्या आत फरशीखाली दाबला आणि त्यांना नव्या चाकूला टेप लावायला सांगितली.