तोरणमाळच्या चढावर दोन ग्रुपसेट

नव्या रोड बाइकची फ्रेम ठरली होती, तिचे माप ठरले होते, रंगावरही घरात एकमत झाले होते. निर्णय अडला होता तो ग्रुपसेटपाशी. सायकलचा सांगाडा, चाके, हँडल आणि सीट बाजूला काढली, तर मागे जे उरते ते बहुतेक सारे ग्रुपसेट या एका शब्दात येते. ब्रेकची नि गिअरची हँडलवरची पाती (लिव्हर), चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे पुढचा आणि मागचा डिरेलर, पायडलचे दांडे म्हणजे क्रँक, चेन, मागच्या दातेचक्रांचा गठ्ठा म्हणजे कॅसेट आणि ब्रेक हे सगळे भाग एकमेकांशी जुळवून एकाच संचात बनवलेले असतात. तो एकदा निवडला की पुढची अनेक वर्षे हाताला तीच सवय लागते आणि सुटे भागही त्याच घराण्यातले शोधावे लागतात. म्हणून तो निर्णय मला दुकानातल्या काउंटरवर उभे राहून घ्यायचा नव्हता.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. पहिला शिमानो कंपनीचा १०५ नावाचा संच, पात्यापासून डिरेलरपर्यंत ताणलेल्या तारेवर चालणारा, मागे बारा दातेचक्रे असलेला. शिमानोने बारा गिअरचा १०५ सन २०२२ मध्ये आधी फक्त विजेवर चालणाऱ्या रूपात आणला आणि तारेचा १०५ सन २०२३ मध्ये दिला; माझ्यासारख्या अनेकांनी त्याची वाट पाहिली होती. दुसरा पर्याय स्राम कंपनीचा रायव्हल ईटॅप एएक्सएस, बॅटरीवर चालणारा, पूर्णपणे बिनतारी. १९२१ मध्ये जपानच्या साकाई शहरात फ्रीव्हील (पायडल थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) बनवण्यापासून सुरुवात केलेली शिमानो ही एक कंपनी, आणि १९८७ मध्ये शिकागोत उभी राहिलेली, मूठ फिरवून गिअर बदलण्याच्या युक्तीने नावारूपाला आलेली स्राम ही दुसरी. इटलीतील व्हिचेन्झाच्या कंपान्योलो या तिसऱ्या ग्रुपसेट कंपनीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण धुळे-जळगावात त्यांच्या संचाला हात लावणारा कारागीर मला आजवर भेटलेला नसल्याने तो पर्याय मी सुरुवातीलाच सोडून दिला.

माझ्या मनात तारेविषयी एक जुनी भीती होती, ती आधी सांगितली पाहिजे. चार वर्षांपूर्वी मालेगावहून धुळ्याला परतताना लळिंगच्या अलीकडे माझ्या आधीच्या सायकलची मागच्या गिअरची तार पात्याच्या आतच तुटली. तार तुटली की डिरेलरची स्प्रिंग चेन ओढून सर्वांत लहान चक्रावर नेते, म्हणजे सायकल सर्वांत जड गिअरमध्ये जाऊन अडकते. पुढचे लहान चेनव्हील (पायडलजवळचे दातेचक्र) आणि मागचे अकरा दात्यांचे चक्र अशा जोडीवर मी उरलेला रस्ता कापला, आणि चढ आला तिथे उतरून ढकलत गेले. ती तार मी विकत घेतल्यापासून एकदाही बदललेली नव्हती, हे खरे. तरीही त्या संध्याकाळनंतर बिनतारी गिअरचे आकर्षण माझ्या मनात घर करून राहिले.

जळगावच्या माझ्या मामेबहिणीकडे रायव्हल आहे. धुळ्यातील एका मैत्रिणीने तिची बारा गिअरची १०५ असलेली सायकल मला तीन दिवसांसाठी विश्वासाने दिली. आम्हा तिघींची उंची जवळपास सारखी, त्यामुळे सीट बोटभर वरखाली केली की कोणतीही सायकल कोणालाही चालत होती. मार्गशीर्षातल्या एका पहाटे बहीण आणि मी अशा दोघी पांझरेचा पूल ओलांडून निघालो. बेत असा होता की चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडामार्गे शहादा गाठायचे, दुसऱ्या दिवशी सातपुड्यातील तोरणमाळ चढायचे, आणि दर तास-दीड तासाने सायकलींची अदलाबदल करायची. फ्रेमचा हलकेपणा, चाकांचा वेग, टायरचा मऊपणा यांचा विचार शक्य तितका बाजूला ठेवून फक्त ग्रुपसेटकडे लक्ष द्यायचे, असे मी स्वतःला बजावले होते.

पहिले तीस किलोमीटर मी १०५ वर होते. थंडीने बोटे आखडलेली, समोरून उत्तरेचा वारा, दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कपाशी. १०५ चे मागचे दुय्यम पाते आत ढकलल्यावर जो हलका, नेमका खटका बसतो, तो बोटाला कळतो आणि गिअर पडल्याची खात्री देतो. माझ्या जुन्या सायकलच्या मानाने हे ढकलणे फारच हलके झाले आहे. चिमठाण्याला चहासाठी थांबल्यावर मी रायव्हल हाती घेतली आणि पहिल्या दहा मिनिटांत तीनदा चुकीचा गिअर टाकला, कारण तिथे उजवे पाते गिअर जड करते, डावे हलके करते आणि पुढचे चेनव्हील बदलायला दोन्ही एकदम दाबावी लागतात.

“ताई, तू विचार करू नकोस. उजवीकडे दाबलं की वेग, डावीकडे दाबलं की चढ, एवढंच धर,” बहीण म्हणाली.

तिचे सूत्र बरोबर होते. दोंडाईचा येईपर्यंत हात सरावले, आणि मग त्या रचनेतला सोपेपणा मला मनापासून आवडला. पाते किती आत न्यायचे हा प्रश्नच नाही. बटण दाबल्यासारखे दाबायचे, मागे लहानसा घर्र आवाज येतो आणि चेन पुढच्या चक्रावर बसलेली असते. हातमोजे घातलेल्या, थंडीने बधिर झालेल्या बोटांना हे फार सुखाचे वाटते. ज्यांच्या मनगटाला किंवा अंगठ्याला दुखणे आहे, त्यांनी दुसरा विचारच करू नये, असे माझे मत त्या रस्त्यावर झाले.

सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरलेली होती. तापीकाठचा घोड्यांचा बाजार पाहिल्याशिवाय पुढे जाणे शक्यच नव्हते. घोडा घेणारा माणूस आधी त्याचे दात पाहतो, मग चाल पाहतो, मग मालकाशी बोलतो. आम्हीही झाडाखाली सायकली टेकवून दातेच मोजत बसलो. पगडीवाले एक बाबा जवळ आले, दोन्ही सायकलींकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, “कथा चालनात वं माय?” म्हणजे कुठे निघालात बाई? तोरणमाळ म्हटल्यावर त्यांनी मान डोलावून मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला बोट लावले. चढाला हेच लागेल, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

दात्यांचा हिशेब इथे सविस्तर मांडते, कारण माझा निर्णय बराचसा त्यावर झाला. मैत्रिणीच्या १०५ ला पुढे ५० आणि ३४ दात्यांची चेनव्हील होती, मागे ११ ते ३४ ची कॅसेट. बहिणीच्या रायव्हलला पुढे ४६ आणि ३३, मागे १० ते ३६. स्रामने मागचे लहान चक्र दहा दात्यांचे केल्यामुळे पुढची चेनव्हील लहान ठेवूनही वेगाचा गिअर कमी पडत नाही: ५० ला ११ ने भागले तर ४.५५ येतात आणि ४६ ला १० ने भागले तर ४.६, म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाच्या तितक्या फेऱ्या. सपाटीवर मला १०५ मध्ये १५ आणि १४ दात्यांची चक्रे लागोपाठ असल्याचा फायदा होईल असे वाटले होते, कारण त्या पायरीत फरक साताठ टक्क्यांचा आहे, तर रायव्हलमध्ये १५ नंतर एकदम १३ येते आणि पायाला पंधरा टक्क्यांचा धक्का बसतो. प्रत्यक्षात ५० वर १४ हा गिअर मिनिटाला पंचाऐंशी फेऱ्या मारत चालवायचा तर वेग ताशी ३९ किलोमीटरच्या जवळ जातो. तो वेग शर्यतीतल्या माणसाचा आहे. मी दिवसभर २४ ते ३० च्या दरम्यान चालवते, आणि त्या पट्ट्यात दोन्ही संचांच्या पायऱ्या जवळजवळ सारख्याच पडतात. कागदावर मोठा दिसणारा हा फरक माझ्या पायांना कळला नाही.

शहाद्याला नातेवाइकांकडे मुक्काम होता. कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि वर मिरचीचा ठेचा असे जेवण झाल्यावर आम्ही लवकर झोपलो, आणि सकाळी म्हसावद, राणीपूरच्या रस्त्याने सातपुड्याकडे निघालो.

तापीच्या सपाट खोऱ्यातून तोरणमाळच्या पठारावर पोहोचेपर्यंत सुमारे हजार मीटर उंची चढावी लागते, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या घाटात येतो. सातपायरी घाटाची वळणे सुरू झाल्यावर मी १०५ वर होते. ३४ वर ३४ म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी, साधारण २.१४ मीटर. ताशी सात किलोमीटरने चढताना माझे पाय मिनिटाला जेमतेम ५५ फेऱ्या मारत होते. गुडघ्यावरचा ताण जाणवत होता. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता उभा होतो तिथे सीटवरून उठावेच लागत होते. अर्ध्या घाटात आम्ही सायकली बदलल्या. रायव्हलचा ३३ वर ३६ हा गिअर त्याच वेगाला सुमारे ६० फेऱ्या देतो. पाच फेऱ्यांचा फरक सांगायला किरकोळ वाटतो, पण तासभर चढणाऱ्या माणसाला तो श्वासागणिक कळतो. मी सीटवर बसून राहिले, श्वास लयीत आला, खालच्या दरीकडे पाहण्याइतके मन मोकळे झाले. त्या क्षणी मी रायव्हल घ्यायची असे ठरवून टाकले होते.

पठारावर पोहोचण्याच्या थोडे आधी मागच्या डिरेलरवरचा दिवा लाल लुकलुकू लागला. बहिणीने बरेच दिवस बॅटरी चार्ज केलेली नव्हती. ती शांतपणे उतरली, पुढच्या डिरेलरची बॅटरी काढून मागच्याला लावली आणि मागची पुढे बसवली. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच असतात आणि पुढचा डिरेलर फारच कमी वेळा हलत असल्याने त्याची बॅटरी बहुधा भरलेली राहते. एका मिनिटाचे काम. शिवाय बॅटरी पूर्ण संपली तरी चेन आहे त्या चक्रावरच राहते; तार तुटल्यावर माझी जी अवस्था झाली होती ती इथे होत नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटले आणि रायव्हलचे पारडे आणखी जड झाले. यशवंत तलावाच्या काठी बसून आम्ही संध्याकाळभर याच विषयावर बोललो.

तिसऱ्या दिवशीच्या उतारावर ब्रेकची परीक्षा झाली. दोन्हींना तेलावर चालणारे डिस्क ब्रेक, दोन्ही भक्कम, एका बोटाने आवरणारे. फरक तेलाचा आहे. शिमानो खनिज तेल वापरते, ते हवेतली ओल शोषत नाही आणि वर्षानुवर्षे बाटलीत टिकते. रायव्हलमध्ये डॉट प्रकारचे तेल लागते, ते ओल शोषते म्हणून ठरावीक काळाने बदलावे लागते, रंगावर सांडले तर रंग खराब करते. मात्र या जातीचे तेल मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. इथे मी कोणालाही डावे-उजवे ठरवू शकले नाही.

निर्णय फिरला तो शहाद्याच्या बाजारपेठेत. परत आल्यावर मी मुद्दाम एका जुन्या सायकलच्या दुकानात गेले आणि गिअरची तार मागितली. दुकानदाराने खिळ्याला टांगलेल्या जुडग्यातून एक काढून दिली. शाळकरी मुलांच्या गिअरच्या सायकलींना जी १.२ मिलिमीटरची आतली तार लागते, तिचेच टोक १०५ च्या पात्यातही बसते; दर्जा साधा असेल, पण माणूस घरी पोहोचतो. मग घड्याळांच्या दुकानात रायव्हलच्या पात्यांमध्ये लागणारा नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल विचारला, तोही मिळाला. डिरेलरची बॅटरी मात्र शहाद्यात नव्हती, आणि जळगावातही मागवावी लागते असे बहिणीने सांगितले. घाटात दगडावर आपटून डिरेलर मोडला, तर दोन्हीकडे भाग मागवावाच लागेल. पण तारेच्या सायकलवर तोवर एखादा जुना, साधा डिरेलर लावून कारागीर काहीतरी करून देतो. बिनतारी संचापुढे तोच हुशार कारागीर हात बांधून उभा राहतो. मी नंदुरबार, धडगाव, चोपडा, यावल अशा रस्त्यांवर बहुतेक एकटी फिरते. लळिंगला तार तुटली तेव्हा दोष तारेचा कमी आणि ती वेळेवर न बदलण्याचा जास्त होता, हेही तिथे उभे असताना मला स्वच्छ दिसले.

उरला प्रश्न चढाच्या गिअरचा. १०५ च्या याच संचात ११ ते ३६ ची कॅसेटही बसते. पुढच्या ३४ वर ती ०.९४ चा गिअर देते, म्हणजे ताशी सात किलोमीटरला ५८ फेऱ्या. रायव्हलच्या अगदी जवळ. शिवाय शिमानोची ही बारा चक्रांची कॅसेट माझ्याकडच्या जुन्या, अकरा गिअरच्या चाकाच्या हबवरही, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरही, चढते. स्रामच्या दहा दात्यांच्या चक्रासाठी वेगळ्या घडणीचा, एक्सडीआर नावाचा हब लागतो, त्यामुळे ते चाक मला आहे तसे वापरता आले नसते.

“ताई, पुढच्या मार्गशीर्षात चढताना दमलीस तर माझ्याकडे अदलाबदल मागू नकोस,” शहाद्याहून निघताना बहीण म्हणाली. मी तिला दोंडाईच्यापर्यंत रायव्हल मागून घेतली.

धुळ्याला पोहोचल्यावर दुकानदाराला फोन करून १०५ सांगितली, ११-३६ ची कॅसेट बसवूनच द्या असे दोनदा बजावले. शहाद्याच्या दुकानातून घेतलेल्या दोन तारा गुंडाळून सीटखालच्या पिशवीत ठेवल्या आहेत. सायकल यायला अजून तीन आठवडे आहेत.