आमची वाटचाल : काळ्या वाळूतून फेरो टायटॅनियम

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत २७ वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी फेरो टायटॅनियमचे, म्हणजे पोलादात मिसळण्याच्या लोह-टायटॅनियम मिश्रधातूचे, उत्पादन सुरू केले, तेव्हा आमच्याजवळ पत्र्याची एक शेड, आतून मॅग्नेसाइट विटा लावलेले एक लोखंडी पात्र आणि ओडिशातील छत्रपूरची इल्मेनाइट वाळू एवढेच होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते, तिच्यातही हेच खनिज असते. शुद्ध इल्मेनाइटमध्ये सुमारे ५३ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड आणि बाकी लोहाचा ऑक्साइड असतो. ॲल्युमिनियमची पूड त्यांतील ऑक्सिजन ओढून घेते आणि दोन्ही धातू एकत्रच तळाशी उतरतात.

पहिल्या हीटला, म्हणजे पात्र पेटवून धातू काढण्याच्या पहिल्या खेपेला, तळाशी धातू बसलाच नाही. दुसऱ्या दिवशी घणाने स्लॅग (धातूवर तरंगणारा ऑक्साइडचा मळ) फोडला, तर त्यात ज्वारीच्या दाण्यांएवढे धातूचे मणी जागोजाग अडकलेले होते. लोहाच्या ऑक्साइडमधून भरपूर उष्णता मिळते, टायटॅनियमच्या ऑक्साइडमधून फारच कमी. त्यामुळे धातू खाली उतरण्याआधीच स्लॅग थिजला होता. पोटॅशियम क्लोरेटने उष्णतेची भर घातली आणि चुना मिसळला, तेव्हा घडी बसू लागली. चुन्याने स्लॅग पातळ होतो हे ठाऊक होते. पण तो ॲल्युमिनाला (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला) बांधून ठेवतो आणि त्यामुळे अर्धवट राहिलेला टायटॅनियमचा ऑक्साइड मोकळा होऊन पुढे धातूत उतरतो, हे समजायला आम्हाला दोन वर्षे लागली.

एका पावसाळ्यात चुना दमट राहिला. पेटवल्याबरोबर वाफेने पात्रातला रस उसळला आणि आमच्या एका जुन्या कामगाराचा हात भाजला. ती चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून प्रत्येक माल भट्टीत वाळवून, हाताने चोळून पाहिल्याशिवाय आम्ही हीट घेत नाही, मग ऑर्डर कितीही तातडीची असो.

ॲल्युमिनियम वाढवले की टायटॅनियम अधिक उतरते, परंतु ॲल्युमिनियमही धातूत शिरते. याच कारणाने एका ग्राहकाने पूर्ण लॉट परत पाठवला आणि ते योग्यच होते. ३२१ जातीच्या स्टेनलेस पोलादात टायटॅनियम कार्बनला धरून ठेवते, म्हणून वेल्डिंगजवळचे, गंज रोखणारे क्रोमियम शाबूत राहते. तिथे मिश्रधातूतील घटकांचे प्रमाण अचूकच लागते. आज प्रत्येक हीटचा नमुना तपासल्यावरच ड्रम भरले जातात.

टायटॅनियमचा मोठा हिस्सा अजूनही स्लॅगमध्ये जातो. शेडमागे रचलेल्या त्या ढिगातून तो परत मिळवण्याचे प्रयोग धाकट्या भावाने यंदा हाती घेतले आहेत.