तळणीच्या तेलापासून कायद्यापर्यंत

आम्ही राहतो त्या जपानमधल्या शिगा प्रांतात फॉस्फरस असलेली कपडे धुण्याची पावडर विकायला तर बंदी आहेच, पण ती कुणाला भेटही देता येत नाही. भेटीचं कलम ऐकून हसू येईल. पण इथे उन्हाळ्यात 'ओचुगेन' म्हणून नातेवाइकांना, साहेबांना खोकी पाठवायची रीत आहे, आणि त्यात पावडरचे संच एकेकाळी फार चालायचे. कायदा लिहिणाऱ्यांना आपली माणसं चांगली ठाऊक होती म्हणायची! आणि त्यांच्या मागे लकडा लावला होता तो घरोघरच्या आयांनी.

आमच्या प्रांतातलं बिवा हे जपानमधलं सगळ्यांत मोठं सरोवर, सुमारे ६७० चौरस किलोमीटरचं. क्योटो-ओसाकाच्या टापूतले जवळपास दीड कोटी लोक त्याचं पाणी पितात. मे १९७७ मध्ये त्याच्या पाण्यावर लालसर तपकिरी तवंग पसरला आणि मासळीसारखा वास सुटला. सूक्ष्म जीव बेसुमार वाढले होते आणि त्यांचं खत होतं फॉस्फरस. तो शेतांतून येत होता, कारखान्यांतून येत होता आणि घराघरांतल्या वॉशिंग मशीनमधूनही.

पावडरीबद्दलची कुरबूर त्याआधीच सुरू झाली होती. बाळांच्या लंगोटाखाली पुरळ उठतं, आपल्या हातांची सालं निघतात, असं आया आपसांत बोलत होत्या. तवंगानंतर त्या कुरबुरीला मोठं कारण मिळालं. मग बायकांनी तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवलेल्या भाज्या-मासे, तळून उरलेलं तेल मोरीत न ओतता गोळा करायला सुरुवात केली आणि त्यापासून साबण करवून घेतला.

असा साबण करताना मी इथल्या समाजमंदिरात पाहिला. खिडक्या सताड उघड्या, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, कारण कॉस्टिक सोड्याशी खेळ नाही. तेलात सोड्याचं पाणी हळूहळू सोडायचं आणि ढवळत राहायचं. हात भरून येतात, तरी थांबायचं नाही. मिश्रण श्रीखंडाइतकं दाट झालं की दुधाच्या रिकाम्या खोक्यांत ओतायचं आणि काही आठवडे मुरू द्यायचं. वास? काल कुणाकडे काय तळलं होतं ते ओळखू यावं इतपत.

तेव्हा घराघरांत वापरायचे ती साबणाची पूड होती. ती थंड पाण्यात धड विरघळत नाही, आधी गरम पाण्यात कालवून घ्यावी लागते. नीट खळबळलं नाही तर पांढरे कपडे पिवळे पडतात. हा सगळा उपद्व्याप कुणाच्या वाट्याला आला, हे सांगायला नको. 'गृहिणींची चळवळ' म्हणून कौतुक होतं तेव्हा मला हेच आठवतं, की सरोवर सगळ्यांचं आणि जादा धुणं मात्र बायकांचं.

पण त्या आपल्या बादलीपाशी थांबल्या नाहीत, म्हणूनच मला त्यांचं अप्रूप वाटतं. डिटर्जंट उद्योगाचा विरोध असतानाही १९७९ मध्ये प्रांताच्या विधानसभेनं कायदा केला आणि १ जुलै १९८० पासून तो लागू झाला. त्या सुमारास दहातल्या सात घरांत साबणाची पूड वापरली जात होती. पुढे कंपन्यांनी बिनफॉस्फरसची पावडर आणली आणि बहुतेक घरं निमूटपणे तिच्याकडे वळली. काहींना ही हार वाटते, मला नाही. फॉस्फरस तर गेला ना! १ जुलै इथे अजूनही 'बिवा दिन' म्हणून पाळतात, आणि पाचवीतल्या मुलांना शाळेतर्फे 'उमिनोको' या जहाजावर मुक्कामी नेऊन सरोवर दाखवतात.

तेल गोळा करायची सवयही मुरली. १९९८ मध्ये इथल्याच आइतो गावानं मोहरीसारखी पिवळी फुलं येणाऱ्या रेपसीडची शेती सुरू केली. त्याचं तेल स्वयंपाकाला आणि वापरून उरलेल्याचं बायोडिझेल. आमच्या चकल्यांचं तेलही दिवाळीनंतर वॉर्डातल्या पिंपात जातं.

माझं माहेर आळंदीजवळचं. इंद्रायणीवर फेस तरंगतो तेव्हा फोटो मलाही येतात. कारखान्यांचं आणि शहराचं न शुद्ध केलेलं पाणी नदीत सुटत असताना नुसती घरातली पावडर बदलून तो फेस जाणार नाही, हे मलाही कळतं. इथल्या आयांनाही ते कळत होतंच.

साबण शिकवणाऱ्या आजींना मी एकदा विचारलं, तुम्ही सह्या गोळा करत फिरायचात तेव्हा घरातले पुरुष काय करायचे? ढवळणं न थांबवता त्या म्हणाल्या, "ऑफिसात असायचे. कपडे मात्र त्यांचेच जास्त असायचे."