पुसलेला निळा रंग

कमळाची एक पाकळी डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहितोय.

सातारा जिल्ह्यातल्या एका देवळाचा जीर्णोद्धार चालू होता. दगड काळा पाषाण. तो टाकीची, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीची, धार खातो; दिवसात कितीदा तरी टाकीला धार लावावी लागते. त्यासाठी टाकी तापवायला साइटवर भाता हवाच. ठेकेदाराने "धूर होतो" म्हणून तो मांडू दिला नाही, टाक्या वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरवर पाठवल्या. ज्याने आयुष्यात दगडावर घाव घातला नाही, तो हत्याराचं ठरवतो. सगळीकडे आता हेच.

टाकीला पाणी देणं, म्हणजे तिचं टोक कडक करणं, हे डोळ्यांचं काम. टोक डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल तापवायचं, ऐरणीवर शेवटायचं, म्हणजे ठोकून धारेला आणायचं, पुन्हा तापवून फक्त बोटभर टोक पाण्यात धरायचं. काढल्याबरोबर दगडावर घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागची धग पुढे येते तसा रंग सरकतो: वाळल्या गवताचा पिवळा, तपकिरी, जांभळा, मग निळा. काळ्या पाषाणासाठी मी गवती रंग धारेला पोचला की टाकी बुडवतो. तेव्हा साधारण २३० अंश असतात. ३०० च्या आसपास निळा येतो, म्हणजे पाणी उतरलं, पोलाद मऊ पडलं. ग्राइंडरवर दाबून धरलं की क्षणात हेच होतं. हातोडा बसतो त्या माथ्याला मात्र पाणी कधीच द्यायचं नाही. कपची उडून डोळा जातो.

टाक्या परत आल्या. पाचांच्या टोकाला निळी झाक होती, त्या बाजूला काढल्या. सहावी लखलखीत. तीच घेऊन पाकळीची कड काढायला बसलो. तिसऱ्या घावाला धार दुमडली, टाकी घसरली आणि पाकळीचं टोक उडालं. चार दिवसांचं काम.

धारेवर कानस लावली तर ती चावली. पाणी असतं तर घसरली असती. हे मी आधीच का पाहिलं नाही?

हाताखालचा पोरगा जवळ आला. "मिस्त्री, निळा डाग दिसला, म्हणून पॉलिश पेपरनं घासून काढला."

रंग गेला, मऊपणा तसाच राहिला. हत्यार चकाकलं पाहिजे, हे त्याला मीच रोज सांगतो. रंग कसा वाचायचा ते कधी दाखवलं नव्हतं. भात्याशिवाय दाखवणार तरी कुठे?

सगळं कमळ दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली उतरवलं, आठही पाकळ्या. बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शेजारच्या खांबावरच्या कमळावरून या कमळावर हात फिरवला की मला ते दोन सूत लागतात.