टाकाऊ भागातलं एक अक्षर

थॅलेसेमियाच्या डीएनए तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की हल्ली आईवडील आधी मोबाइलवर शोधतात आणि मग मला विचारतात, "मॅडम, आयव्हीएस १-५ म्हणजे पहिल्या इंट्रॉनमधलं पाचवं अक्षर ना? इंट्रॉन तर पेशी कापून टाकते. मग तिथे जी-च्या जागी सी आला तर बिघडलं कुठे?" प्रश्न रास्त आहे. आणि हा बदल दुर्मिळही नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाला कारण ठरणाऱ्या बदलांत सगळ्यात जास्त सापडतो तो हाच.

बीटा ग्लोबिन म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक घटक, बीटा थॅलेसेमियात कमी पडतो तो हाच. त्याचं जनुक सोळाशेच्या आसपास अक्षरांचं. त्याची आरएनए प्रत (तिची अक्षरं ए, सी, जी आणि यू) आधी अख्खी निघते आणि मग तिच्यातून दोन इंट्रॉन काढले जातात, पहिला १३० अक्षरांचा, दुसरा ८५०चा. उरतात, सांधले जातात ते तुकडे म्हणजे एक्सॉन. निम्म्याहून जास्त मजकूर बाद! जनुकं अशी तुटक असतात हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी अडेनोव्हायरसमध्ये दाखवलं. ही कापाकापी करणारं यंत्र म्हणजे स्प्लायसोसोम.

यंत्र म्हटलं की एका जागी बसवलेलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे प्रकार मांडववाल्याचा आहे. प्रत्येक इंट्रॉनवर सुटे भाग आणून उभारायचं, काम झालं की सोडवून पुढच्या ठिकाणी न्यायचं. मुख्य भाग पाच: यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६. प्रत्येकात एक छोटा आरएनए आणि त्याला बिलगलेली प्रथिनं. मायकेल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी १९७९ मध्ये हे भाग हुडकले ते ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वापरून, कारण या आजारात काहींचं शरीर आपल्याच या भागांवर उलटलेलं असतं.

कुठून कापायचं हे आधी यू१ चाचपतो. त्याच्या आरएनएच्या टोकाशी नऊ अक्षरं जुळली तर उत्तम: एक्सॉनची शेवटची तीन, सी-ए-जी, आणि इंट्रॉनची पहिली सहा, जी-यू-ए-ए-जी-यू. आता बीटा ग्लोबिनचा पहिला इंट्रॉन बघा. तो सुरू होतो जी-यू-यू-जी-जी-यू असा. म्हणजे तुमच्याआमच्या, अगदी निरोगी माणसाच्या जनुकातही तिसरं आणि चौथं अक्षर जुळत नाही. पकड मुळातच सैल, आणि ती टिकते बरीचशी पाचव्या जी-च्या जोरावर. त्याची यू१मधल्या सी-शी तीन हायड्रोजन बंधांची जोडी जमते. तिथे सी आला की सलग तीन अक्षरं सुटली. सहावं जुळतं, पण एकटं काय धरून ठेवणार?

मग यू१ जवळपासची दुसरी जागा शोधतो. अशा तीन जागा ठाऊक आहेत: खऱ्या जागेच्या ३८ आणि १६ अक्षरं अलीकडे, आणि १३ अक्षरं पलीकडे. प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो आणि यातल्या एकाही आकड्याला तीनाने भाग जात नाही. पुढचं सगळं वाचन घसरतं. थोड्या प्रती बरोबर कापल्या जातात, पण त्या पुरत नाहीत.

यंत्रात मात्र कुठेही बिघाड नाही, हे मी मुद्दाम सांगते. यू१ चुकीच्या जागी बसला तरी पुढचे सगळे आपापलं काम चोख करतात. यू२ इंट्रॉनच्या शेवटाजवळ एक ए फुगवून धरतो. यू४, यू५, यू६ ही तिकडी येते, मग यू१ आणि यू४ बाजूला होतात. तो ए इंट्रॉनच्या सुरुवातीला चिकटून फास बनतो आणि दुसऱ्या क्रियेत दोन एक्सॉन सांधले जातात. प्रत्यक्ष रसायन प्रथिनांच्या हाती नसतं. यू६च्या आरएनएने धरलेले मॅग्नेशियमचे आयन ते करतात, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. मला या सगळ्यात हेच सर्वांत थोर वाटतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: औषधाने हे कापणं सुधारता येत नाही का? काही आजारांत येतं. स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीवरचं नुसिनर्सेन आरएनएवर चिकटतं आणि एरवी गाळला जाणारा एक्सॉन आत ठेवतं. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. थॅलेसेमियातही दुसऱ्या इंट्रॉनमधल्या ६५४व्या अक्षराच्या बदलाने तयार झालेली कापण्याची खोटी जागा झाकली तर काम भागतं, कारण खऱ्या जागा शाबूत असतात. प्रयोगशाळेत ते करून झालंय. आयव्हीएस १-५मध्ये खरी जागाच लंगडी. २०२३ मध्ये ब्रिटनने मंजूर केलेला जनुक-संपादनाचा उपचार म्हणूनच या अक्षराच्या वाटेला जात नाही. तो बाळ पोटात असताना चालणारं, नंतर मंदावलेलं दुसरं ग्लोबिन पुन्हा चालू करतो.